टाचणीवरचा सातबारा

आजवर ज्यांना शास्त्रीय नाव मिळालं अशा प्राण्यांच्या जाती मोजल्या, तर त्यांतला सुमारे चौथा हिस्सा एकट्या भुंगेऱ्यांनी बळकावलेला दिसतो. आकडा चार लाखांच्या घरात जातो. जे. बी. एस. हाल्डेन हे मोठे शास्त्रज्ञ उतारवयात भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सृष्टीकडे पाहून तिच्या कर्त्याबद्दल काय कळतं, असं त्यांना कोणीतरी विचारलं, तेव्हा त्याला भुंगेऱ्यांचा भारी सोस असावा, असं ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. सोस त्याचा, निस्तरायचं मात्र आपण. त्याने भुंगेरे केले आणि नावं ठेवायचं काम माणसावर सोपवलं. नावं ठेवण्यात माणूस कधी मागे राहिलेला नाही. मागे राहिला तो एवढ्याच बाबतीत, की नेमकं कोणाला काय नाव ठेवलं, हे त्याने धड लिहून ठेवलं नाही.

त्या न लिहिलेल्या मजकुरावर आज जगभरातल्या बऱ्याच विद्वानांचा चरितार्थ चालतो. माझा एक कॉलेजातला मित्र याच पंथातला. त्याच्या घरात शिरलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मग तो येतो. महिनोन्‌महिने खपून तो एक लेख लिहितो. लेख छापून येतो तेव्हा शीर्षकाचा सारांश असा असतो : अमुक भुंगेऱ्याच्या टाइपच्या निवडीबाबत दुरुस्ती.

मी एकदा विचारलं, “म्हणजे भुंगेऱ्यात नेमकं काय दुरुस्त केलंस?”

“भुंगेऱ्यात काही नाही. तो दीडशे वर्षांपूर्वीच मेलाय.”

“मग?”

“तो कोण आहे, ते दुरुस्त केलं.”

“त्याला कळवलंस?”

आतून वहिनी म्हणाल्या, “त्याला कळवतील हो. घरी उशीर होणार असला तर मला नाही कळवत.”

आता हा टाइप म्हणजे काय, ते सांगायला हवं. तुम्हा-आम्हाला वाटतं, शास्त्रीय नाव हे एका जातीचं असतं. पुस्तकात वर्णन असतं, चित्र असतं. त्याच्याशी जुळलं की नाव लागू झालं. वर्गीकरणवाले याला हसतात. वर्णन चुकतं, चित्रकाराचा हात हलतो आणि लेखकाच्या डोळ्यात मोतीबिंदू असू शकतो. म्हणून नाव बांधलेलं असतं ते एका टाचणीवरच्या एका मेलेल्या किड्याला. तो टाइप. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो मालक, जमीन कसणारे दुसरेच, तसाच हा प्रकार आहे. रानात, शेणात, उसाच्या मुळाशी हिंडणारे लाखो जिवंत भुंगेरे नुसते वहिवाटदार. मालक लंडनच्या किंवा पॅरिसच्या पेटीत पाय दुमडून पडलेला.

मालक म्हटल्यावर तो रुबाबदार असेल, अशी समजूत होते. तीही खोटी. टाइप हा त्या जातीचा उत्तम प्रतिनिधी असलाच पाहिजे, अशी कुठेही अट नाही. तो सरासरी नसतो, देखणा नसतो, पुष्कळदा पुरताही नसतो. एक मिशी गायब, तीन पाय गायब, डोकं कोणीतरी डिंकाने परत चिकटवलेलं. शेजारच्या पेटीत त्याच जातीचे पन्नास धडधाकट, चकचकीत भुंगेरे असतात. त्यांना कोणी विचारत नाही. परदेशातून विमानाने आलेला पाहुणा त्यांच्यावरून नजरही न फिरवता त्या डोकं चिकटवलेल्यापुढे भिंग घेऊन बसतो.

हे नुसतं किड्यांचं आहे असं समजू नका. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ सालापासून धरतात, कारण त्या वर्षी स्वीडनच्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती आली. तीत त्याने माणसालाही शास्त्रीय नाव दिलं. पण वर्णन करायच्या जागी स्वतःला ओळखण्याचा सल्ला देऊन मोकळा झाला. टाइप ठेवलाच नाही. पुढे दोनशे वर्षं मनुष्यजात बेवारस होती आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. १९५९ साली विल्यम स्टर्न या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने लिहून टाकलं, की मनुष्यजातीचा टाइप खुद्द लिनियसच मानावा. लिनियस उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेला आहे, तेव्हा आपला मालक तिथे. पुढे १९९० च्या दशकात एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञाच्या कवटीला हा मान द्यावा, अशी एक टूम निघाली. कोपने मरताना देह विज्ञानाला दिला होता आणि त्याची कवटी जपून ठेवलेली होती. पण स्टर्नची नोंद आधीची, म्हणून ती टूम बारगळली. शिवाय कोप वारला १८९७ मध्ये, लिनियस वारला १७७८ मध्ये. लिनियसने नाव देताना कोपला पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. वर्गीकरणवाले असा मुद्दा अतिशय गंभीरपणे मांडतात आणि ऐकणाराही गंभीरपणे मान हलवतो.

आता दुरुस्तीची वेळ का येते? कारण मूळ नोंद करणारे आपले पूर्वज. एकोणिसाव्या शतकातला लेखक दहा-बारा भुंगेरे समोर ठेवायचा, लॅटिनमध्ये चार ओळी लिहायचा, ‘हिंदुस्थान’ एवढा पत्ता टाकायचा आणि जेवायला जायचा. यांतला टाइप कोणता, हे सांगायची तेव्हा रीतच नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते दहा-बाराही समान हक्काचे झाले. त्यांना सिनटाइप म्हणतात. हे सामाईक खातं. आता शंभर वर्षांनी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि त्याला कळतं, की या दहांत चार वेगळ्याच जातीचे आहेत. मग नाव कोणाचं? इथे खातेफोड करावी लागते. त्या दहांतला एक निवडायचा, तो लेक्टोटाइप. उरलेले पॅरालेक्टोटाइप, म्हणजे नात्यातले, पण हिस्सा नसलेले. सगळेच हरवले असतील, तर नवीन माणूस खात्याला लावायचा, तो निओटाइप. आणि लेखकाने पहिल्यापासून एकच किडा नेमून ठेवला असेल, तर तो होलोटाइप. अशा सरळ घराण्यात दुरुस्तीवाल्याला काम मिळत नाही, म्हणून त्याला अशा घराण्यांविषयी फारसं प्रेम नसतं.

आता पूर्वजांतले काही नमुने पाहा. फ्रान्सिस वॉकर हे ब्रिटिश म्युझियमसाठी कीटकांची वर्णनं लिहीत. सिलोनच्या भुंगेऱ्यांनाही त्यांनी नावं दिली. लिहिण्याचा वेग असा, की आपणच आधी नाव दिलेला किडा पुन्हा समोर आला तरी त्यांना ओळख पटत नसे. नव्याने बारसं व्हायचं. १८७४ साली ते वारले तेव्हा एका इंग्रजी कीटकशास्त्रीय मासिकाने मृत्युलेखात लिहिलं, की त्यांच्या कीर्तीच्या दृष्टीने हा मृत्यू वीस वर्षांहून अधिक उशिरा आला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत वर्गीकरणवाल्यांना परवडत नाही. त्यांचा सगळा व्यवहार मेलेल्यांशीच असतो.

फ्रान्सचे मोरिस पिक (१८६६–१९५७) यांनी हजारो भुंगेऱ्यांना नावं दिली. वर्णनं अशी तोकडी, की तार पाठवताना शब्दागणिक पैसे पडत असावेत. ती छापायला त्यांनी स्वतःच्या खर्चाने स्वतःचं प्रकाशन चालवलं, त्यामुळे ‘साभार परत’ हा प्रकारच उरला नाही. मराठी कवींना ही सोय फार पूर्वीच सापडली होती. अमेरिकेत थॉमस लिंकन केसी हे लष्करातले इंजिनिअर. त्यांनीही हजारो जाती पाडल्या. पाडल्या म्हणायचं कारण, केसभर फरक दिसला की ते नवी जात करत. पुढच्यांनी त्यांतल्या कित्येक पुन्हा एकत्र केल्या.

आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे काउंट दजाँ. नेपोलियनच्या फौजेतला सेनापती. सांगतात, की त्याच्या शिरस्त्राणात आतून बुचाचा तुकडा लावलेला असे. स्पेनमधल्या एका लढाईत शत्रूवर चाल करून जायच्या घटकेला त्याला फुलावर एक भुंगेरा दिसला. तो घोड्यावरून उतरला, भुंगेरा टाचणीने शिरस्त्राणात टोचला, परत घोड्यावर बसला आणि मग हल्ला केला. लढाई संपली तेव्हा शिरस्त्राणाच्या चिंध्या झाल्या होत्या, भुंगेरा मात्र शाबूत होता. त्या लढाईत कोण जिंकलं हे गोष्ट सांगणाऱ्या कीटकतज्ज्ञांपैकी कोणाच्याच लक्षात राहिलेलं नसतं. भुंगेरा कोणत्या जातीचा होता, ते मात्र सगळे सांगतात.

या दजाँच्या संग्रहात बावीस हजारांहून अधिक जाती झाल्या. पुढे तो फुटून विकला गेला. त्यातले भूचर भुंगेरे हस्ते-परहस्ते शोदुआर या रशियातल्या उमरावाकडे गेले, त्याच्यानंतर फ्रान्समधल्या रेनच्या ओबेरत्युरकडे आणि अखेर पॅरिसच्या संग्रहालयात. प्रत्येक मुक्कामात पेट्या बदलल्या. जुन्या पद्धतीत नावाची चिठ्ठी किड्याच्या टाचणीला नसे; पेटीच्या तळाला, त्या रांगेपाशी चिकटवलेली असे. किडे हलले, चिठ्ठी तिथेच राहिली. वर काही संग्राहकांना पेट्या सुरेख दिसण्याचा षोक. जुना झिजलेला भुंगेरा टाकून त्याच्या जागी त्याच जातीचा ताजा टोचायचा. घर आवरल्याच्या आनंदात त्यांनी मालक कचऱ्यात टाकलेला असायचा.

लिनियसचं तरी कुठे बरं होतं? त्याचा संग्रह त्याच्या पत्नीने जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला १७८४ साली विकला आणि तो आता लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. पण लिनियसच्या मागे त्याच्या मुलाने त्यात भर घातली, मग स्मिथनेही घातली. त्यामुळे लिनियसच्या पेटीतला किडा लिनियसने पाहिलेला असेलच, याची खात्री देता येत नाही. अशा पेटीपुढे बसून कोणता बापाचा आणि कोणता मुलाचा, हे ठरवण्यात आयुष्यं गेली आहेत.

एवढा गोंधळ झाल्यावर कायदा येणारच. १८९५ साली प्राणिनामांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याची संहिता आहे, तिला कलमं आहेत, कलमांना उपकलमं आहेत, उपकलमांखाली शिफारशी आहेत. सध्या चालते ती चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू झालेली. ही संहिता वाचताना मला महसूल खात्यात असल्यासारखं वाटतं, आणि ही मी तिची स्तुती करतो आहे. शंभर वर्षांत लोकांनी जेवढे म्हणून घोळ घातले, त्या प्रत्येकासाठी तीत एक कलम आहे.

उदाहरणार्थ, पहिला घोळ. एक विद्वान संग्रहालयात जातो, दहांतला एक भुंगेरा निवडतो, त्याच्या टाचणीला ‘लेक्टोटाइप’ अशी सुबक चिठ्ठी लावतो आणि घरी येतो. लेख लिहायचा असतो. पण मुलीचं लग्न निघतं, मग निवृत्ती, मग रक्तदाब. लेख राहतो. चिठ्ठी मात्र राहिलेली नसते, ती लागलेली असते. पुढचे तीन संशोधक ती चिठ्ठी पाहून निवड झाली असं समजतात आणि आपापल्या लेखात तसं लिहितात. चौथा येऊन विचारतो, नोंद कुठे आहे? छापील नोंद नाही म्हणजे निवड नाही. चिठ्ठीला काडीची किंमत नाही.

दुसरा घोळ. एका भुंगेऱ्याच्या मूळ लेखात किती किडे पाहिले, ते लिहिलेलंच नाही. पुढे कोणीतरी संग्रहालयात एकच किडा पाहतो आणि सहज लिहून जातो, की होलोटाइप पाहिला. मागाहून दुसऱ्या शहरात आणखी चार निघतात. म्हणजे तो होलोटाइप नव्हताच. पण असं सहज लिहिणं २००० सालापूर्वीचं असेल, तर कायदा म्हणतो, की त्या माणसाने नकळत का होईना, लेक्टोटाइप निवडला असं धरा. एखाद्याने झोपेत केलेली सही कायदेशीर ठरावी, असा हा प्रकार आहे. आणि ती सही झोपेत केली की अर्धवट जागेपणी, यावर लेख लिहिले जातात.

तिसरा घोळ, निवडलेला किडा मूळ गोतातलाच नसणं. समजा, वर्णन १८८७ साली छापलं आणि लेक्टोटाइप म्हणून निवडलेल्या भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर पकडल्याची तारीख आहे १८९१. बारसं आधी आणि जन्म मागाहून. चौथा घोळ, दोन देशांतल्या दोघांनी एकमेकांना न विचारता दोन वेगळे लेक्टोटाइप निवडणं. इथे न्याय सोपा : ज्याची नोंद आधी छापली, त्याची खरी. दुसऱ्याची अधिक अभ्यासपूर्ण असली तरी तिला कोणी विचारत नाही.

पाचवा घोळ नाजूक आहे. कित्येक भुंगेऱ्यांच्या जाती बाहेरून हुबेहूब एकसारख्या असतात; फरक सापडतो तो फक्त नराच्या जननेंद्रियाच्या घडणीत. त्यामुळे या शास्त्रातली अतिशय सज्जन, सात्त्विक माणसंही दिवसभर कोणत्या चित्रांत डोकं खुपसून बसलेली असतात, ते विचारू नये. आणि इतकं करून शेवटी पेटी उघडावी, तर एकुलता एक टाइप मादी निघतो. तिच्यावरून काही ठरत नाही. तिला हटवून दुसरा टाइप बसवायचा, तर थेट आयोगाकडे अर्ज. आयोग तो प्रसिद्ध करतो, जगभरातल्या तज्ज्ञांची मतं येतात, मग मतदान होतं, मग निकाल छापतात. अर्जदार तोवर हयात असेल तर त्यालाही आनंद होतो.

कायद्याने हा व्यवहार आवरायचा प्रयत्नही करून पाहिला. काही मंडळी गरज नसताना, केवळ पेट्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून लेक्टोटाइप निवडत सुटली होती. म्हणून चौथ्या आवृत्तीने अट घातली : इथून पुढे लेक्टोटाइप निवडताना त्यामागचा शास्त्रीय हेतू स्पष्ट शब्दांत लिहिलाच पाहिजे. झालं. नावाच्या वापरात स्थैर्य यावं म्हणून, अशा अर्थाचं एक वाक्य कोणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. ज्याने ते लिहिलं नाही त्याची निवड रद्द. म्हणजे पुढच्याला आणखी एक दुरुस्ती. शेवटी २००३ साली आयोगाने ४४ वी घोषणा काढून अट सैल केली. हेतू सांगायची गरज नाही. जे केलं ते हेतुपुरस्सर केलं, एवढं कळलं म्हणजे पुरे. तीन वर्षांत एवढा शहाणपणा दाखवणारी सरकारी समिती माझ्या तरी ऐकिवात नाही.

माणसांनी घातलेल्या गोंधळाला निसर्गाचाही हातभार असतो. अँथ्रेनस नावाचा एक भुंगेरा आहे. त्याच्या अळ्या वाळलेले किडे खातात, आणि वाळलेले किडे सगळ्यात जास्त संग्रहालयात असतात, म्हणून त्याच्या एका जातीला लिनियसने १७६१ साली ‘म्युझिओरम’ असं नाव दिलं. भुंगेऱ्यांचे सातबारे भुंगेरेच कुरतडतात. डांबराच्या गोळ्या त्यासाठीच. युद्ध आणि आग यांना मात्र त्या गोळ्यांचा वास चालतो. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हॅम्बुर्गचं प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालय जळालं. २ सप्टेंबर २०१८ ला रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तीत तिथला लाखो कीटकांचा संग्रह बहुतांश गेला.

मूळ टाइप गेला की निओटाइप नेमतात. पण इथेही एक गंमत आहे. समजा, निओटाइप नेमला, सर्वांनी मान्य केला, आणि वीस वर्षांनी कुठल्यातरी अडगळीतून मूळ टाइप निघाला, तर? मयत दाखवलेला वारस तहसील कचेरीत हजर झाल्यावर जे व्हायचं, तेच होतं. तो सापडल्याचं छापून आलं, की आयोगाने वेगळा निर्णय दिला नाही तर मालकी पुन्हा त्याची, निओटाइप बाजूला.

आणि अडगळीतून काय निघेल, याचा नेम नसतो. चार्ल्स डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथे एक भुंगेरा पकडला. तो लंडनला गेला आणि तिथल्या संग्रहालयात गडप झाला. अमेरिकेतल्या स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस या संशोधकाने अभ्यासासाठी लंडनहून काही अनोळखी भुंगेरे मागवले, त्यांत हा निघाला. २०१४ साली १२ फेब्रुवारीला, म्हणजे डार्विनच्या वाढदिवशी, तो ‘डार्विनिलस सेडरिसी’ या नावाने जगापुढे आला. पहिला शब्द डार्विनवरून, दुसरा डेव्हिड सेडारिस या विनोदी लेखकावरून. संशोधक काम करताना त्याची पुस्तकं कानाला लावून ऐकत असे. एकशे ब्याऐंशी वर्षं थांबून का होईना, एका विनोदी लेखकाला शास्त्राने मान दिला, म्हणून या भुंगेऱ्याबद्दल माझ्या मनात खास आदर आहे.

आपल्याकडच्या भुंगेऱ्यांची गोष्ट म्हणजे परगावी राहणाऱ्या मालकांची गोष्ट. वनखात्यातले हर्बर्ट अँड्र्यूज यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत भूचर भुंगेऱ्यांवर १९२९ आणि १९३५ साली दोन खंड लिहिले. गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी १९३१ साली शेणकिड्यांवर एक जाडजूड खंड लिहिला. असल्या पुस्तकांत कॅनरा, बेळगाव, नीलगिरी अशी आपली गावं भेटतात. त्या गावांचे पुष्कळ टाइप मात्र लंडनला. सह्याद्रीतल्या शेणात लोळणाऱ्या किड्याची ओळख पटवायची, तर टेम्सकाठी जावं लागतं, निदान तिथल्या लोकांना फोटोसाठी गळ तरी घालावी लागते. आता नवी जात सापडली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना देशातल्याच नेमून दिलेल्या संस्थेत ठेवावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे असे मालक आता राहायला येऊ लागले आहेत.

उसने टाइप टपालाने मागवता येतात, पण ते धाडस आहे. २०१७ साली पॅरिसच्या संग्रहालयाने शंभरावर वाळलेल्या वनस्पतींचे जुने नमुने ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवले. त्यांत काही टाइपही होते. कागदपत्रं अपुरी होती, म्हणून तिथल्या रोगप्रतिबंधक खात्याने ते ब्रिस्बेनमध्ये जाळून टाकले. भुंगेरेवाले ही गोष्ट एकमेकांना खालच्या आवाजात सांगतात आणि मग पार्सल स्वतःच्या मांडीवर घेऊन विमानात बसतात.

एवढं सगळं कशासाठी, असा प्रश्न मी मित्राला विचारला, तेव्हा तो मला थेट उसाच्या फडात घेऊन गेला, म्हणजे बोलण्यातून. “हुमणी माहीत आहे ना?” म्हणाला. महाराष्ट्रात हुमणी माहीत नाही असा ऊसवाला नाही. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, आणि त्यांच्या अळ्या पुढे मुळं खाऊन ऊस आडवा करतात. पण हुमणी म्हणजे एकच किडा नव्हे. होलोट्रायकिया सेरॅटा ही एक, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी, आणखीही आहेत. प्रत्येकीच्या सवयी निराळ्या, आणि बाहेर पडायची वेळ साधली नाही तर सापळा, फवारणी सगळं फुकट. पहिलीचं नाव फॅब्रिशियस या लिनियसच्या डॅनिश शिष्याने अठराव्या शतकात ठेवलं, दुसरीचं ब्लांशार नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या. “आता एका गावच्या अहवालात पहिलीचं नाव छापलं आणि किडा होता दुसरीचा,” मित्र म्हणाला, “तर पुढची वीस वर्षं सगळे चुकीच्या किड्याचं वेळापत्रक पाठ करत बसतील. मग नाव कोणाचं, हे सांगायला कोणीतरी लागतं की नाही?”

मला ते पटलं. आणि आणखी एक गोष्ट पटली, ती त्याने सांगितली नव्हती. या लोकांत जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही, असा दंडक आहे. पहिल्या माणसाची चिठ्ठी, मग तिची चूक काढणाऱ्याची, मग त्याची चूक काढणाऱ्याची, सगळ्या एकाच टाचणीत एकाखाली एक. भुंगेरा तीन मिलिमीटरचा आणि चिठ्ठ्यांची उतरंड बोटभर. चूक कोणाची, केव्हाची, कोणी दाखवली, सगळं तिथेच टोचलेलं. खाडाखोड नाही, पानं फाडणं नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात एवढ्या टाचण्या कोणी पुरवणार नाही, हे मी जाणतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मित्राचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की मला वाटलं, मुलाचं लग्न ठरलं. मी घरी गेलो तर पेढे. एका जर्मन संशोधकाने मित्राच्या जुन्या लेखातली लेक्टोटाइपची निवड चुकीची ठरवून, त्यावर अडीच पानांची दुरुस्ती छापली होती.

“अरे, पण त्याने तुझी चूक काढलीय,” मी म्हणालो.

“काढली ना!” त्याचे डोळे चमकत होते. “म्हणजे वाचलाय त्याने. शब्दन्‌शब्द वाचलाय. तळटीपसुद्धा.”

वहिनींनी माझ्यापुढे दुसरा पेढा ठेवला. “घ्या हो,” म्हणाल्या. “तो जर्मन कुठे चुकलाय, ते आजच सापडलंय यांना. पुढचे पेढे तिकडे.”